कन्सोलमध्ये रंगीत अक्षरं आणताना

नऱ्ह्याच्या आमच्या शेडमध्ये सर्किट बोर्ड तपासायचं सॉफ्टवेअर मी पायथनमध्ये लिहिलं आहे. खिडकीच्या खालच्या भागात टीकिंटर या पायथनच्या खिडक्या बनवायच्या लायब्ररीचं टेक्स्ट विजेट, म्हणजे मजकुराची चौकट आहे, तोच कन्सोल. एका बोर्डामागे त्यात दोनशेवर ओळी सरकतात. गेल्या पावसाळ्यात त्यातली ‘फेल’ची एक ओळ टेबलावरच्या ताईंच्या नजरेतून निसटली आणि खराब बोर्ड पॅक झाला. सगळ्या ओळी पांढऱ्याच असतील तर ताईंनी तरी काय करावं? त्याच आठवड्यात रंगांचं काम हातात घेतलं.

तपासणीची स्क्रिप्ट वेगळी चालते आणि रंग मजकुरातूनच पाठवते: २७ क्रमांकाचं एस्केप अक्षर, चौकोनी कंस, आकडे आणि शेवटी एम. ३१ लाल, ३२ हिरवा, १ ठळक, ० म्हणजे सगळं पूर्ववत. ही कोडची पद्धत १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलने (संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड) रुळवली. त्याला स्वतःला मात्र रंग नव्हते.

आधी एक अडचण येते. आउटपुट पडद्यावर न जाता पाइपमधून, म्हणजे थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे जातंय हे कळलं की बरेच प्रोग्राम रंग पाठवणंच थांबवतात. गिट, पायटेस्ट, जीसीसी या प्रोग्रामरच्या साधनांना रंग सक्तीने चालू ठेवायचा पर्याय असतो. तसाच मी माझ्या स्क्रिप्टला दिला.

आता मुख्य काम. पाइपमधून मजकूर तुकड्यांनी येतो. आलेल्या तुकड्यात कोड शोधून बदलायचा, हा मोह टाळा. तुकडा कुठेही तुटतो: एकाच्या शेवटी कंस आणि ३, पुढच्याच्या सुरुवातीला १ आणि एम. म्हणून एकेक अक्षर वाचून मजकूर आणि कोड वेगळे करणारा पार्सर लिहा. त्याच्या तीन अवस्था: साधा मजकूर, एस्केप दिसलं, आकडे जमवतोय. अवस्था आणि चालू रंग दोन्ही पुढच्या तुकड्यापर्यंत जपून ठेवा.

मराठी संदेश असतील तर आणखी काळजी घ्या. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. ४०९६ बाइट वाचले आणि सगळी देवनागरीच असली, तर १३६५ चिन्हं पुरी होऊन पुढच्याचा एकच बाइट हाती उरतो. तेवढ्यावर डीकोड केलं, म्हणजे बाइटांची अक्षरं केली की पडद्यावर प्रश्नचिन्हाचे चौकोन. पायथनच्या कोडेक्स मॉड्यूलमधला इन्क्रिमेंटल डीकोडर तो बाइट धरून ठेवतो.

३८ नंतर ५ आलं तर पुढचा आकडा २५६ रंगांपैकी एकाचा असतो. तिन्ही एकत्रच वाचा, नाहीतर ५ चा अर्थ लुकलुकणं होतो आणि पुढे १ असेल तर अक्षर ठळक होतं. आकडाच नसेल तर ० धरा. शेवटी एमऐवजी दुसरं अक्षर आलं तर अख्खा कोड गिळून टाका.

विजेटमध्ये प्रत्येक रंगाचा टॅग (मजकुराला लावायची रंगाची खूण) एकदाच बनवा आणि एका रंगाचा सलग मजकूर एकदम घाला. अक्षरागणिक घातलं तर खिडकी अडकते. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागात करून मजकूर रांगेत ठेवा. विजेटला हात फक्त मुख्य थ्रेडने लावायचा. लॉग फाइलमध्ये कोड जाऊ देऊ नका.

काळ्या पार्श्वभूमीवर मूळ गडद निळा वाचवत नाही, मी तो फिकट केला. आमच्यातल्या एकाला लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही, म्हणून ‘फेल’ शब्द तसाच ठेवून ठळकही केला.

तपासायला एक रंगीत मराठी ओळ आधी पूर्ण, मग एकेक बाइट करून भरवा. दोन्ही वेळा पडदा हुबेहूब सारखा दिसला पाहिजे. माझा पार्सर पहिल्यांदा इथेच अडकला होता.