सह्याद्रीच्या सदाहरित रानात इंटर्नची तुकडी नेताय? या चुका टाळा

आंबोली, तिळारी किंवा म्हादईच्या रानात इंटर्नशिपचा विचका होतो, तो बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळीच ठरलेला असतो. बेत आखताना नकाशा समोर असतो, पाऊस नसतो. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा ठिकाणी दिवसाला सहा प्लॉट, म्हणजे झाडं मोजायला आखलेले जमिनीचे तुकडे, कागदावरच राहतात. तीन नीट झाले तर दिवस सार्थकी लागला म्हणायचं. उरलेले रेटायला गेलात की भिजलेली, थकलेली मुलं आकडे अंदाजाने भरतात, आणि अंदाजाने भरलेलं पान नंतर ओळखूही येत नाही. काम वेळेत थांबवणं ही तुकडीप्रमुखाची पहिली जबाबदारी आहे.

परवानगी प्रमुखाच्या नावावर, मुलं मोकळी

अभयारण्यात अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्या पत्रात प्रत्येक इंटर्नचं नाव हवं आणि पत्राची प्रत रोज सोबत हवी. निरीक्षणाच्या परवानगीत प्राणी पकडणं येत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. पकडलेल्या बेडकाचा फोटो इंटर्नने उत्साहात टाकला, तर त्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

घेर मोजण्यातल्या चुका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण चूक दिसत नाही.

खोडाचा घेर 1.3 मीटर उंचीवर घ्यायचा. उतारावर ही उंची झाडाच्या वरच्या अंगाने मोजायची. शिकवलं नाही तर अर्धी मुलं खालच्या अंगाने मोजतात. झाडाला फळीसारखी आधारमुळं असतील, तर ती संपतात तिथून अर्धा मीटर वर टेप लावायची आणि ती उंची शेऱ्यात लिहायची. वेल खोडाला चिकटला असेल तर टेप वेलाखालून सरकवायची, वेल तोडायचा नाही.

अंजनीच्या झाडाला बुंध्यापासून अनेक खोडं फुटलेली असतात. मुलं त्या सगळ्यांचे घेर बेरजेने एकच लिहून टाकतात. 30 सेंटीमीटरची दोन खोडं 60 चं एक म्हणून लिहिली की खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं. झाडाचा क्रमांक 14 असेल तर खोडं 14-अ, 14-ब अशी वेगळी नोंदवा. त्याहून मोठा घोळ म्हणजे व्यासाच्या रकान्यात घेर लिहिणं. त्याने क्षेत्रफळ जवळपास दहापट फुगतं. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत फक्त ‘घेर, सेंमी’ छापा. व्यास संगणक काढेल.

प्लॉटचंही तसंच. 30 अंशांच्या उतारावर टेप जमिनीलगत धरून 10 मीटर मोजलंत, तर आडवं अंतर भरतं 8.66 मीटर. प्लॉट लहान होतो आणि रान असतं त्यापेक्षा विरळ दिसतं. एक तर उतारावरून 11.55 मीटर घ्या, नाहीतर टेप आडवी ताणून दोन-दोन मीटरच्या टप्प्यांनी उतरा. मला दुसरी पद्धत बरी वाटते, तिच्यात गणित चुकायला जागा नाही.

बेडूक आंबोलीचा, नोंद गोव्यात

15 अंश 57 मिनिटं 30 सेकंद म्हणजे दशांशात 15.9583. कुणी ते सरळ 15.5730 असं उतरवलं की बिंदू सुमारे 43 किलोमीटर दक्षिणेला सरकतो, थेट गोव्यात. सगळ्यांची उपकरणं पहिल्या सकाळी एकाच पद्धतीवर, दशांश अंशांवर लावून घ्या. झाडांच्या दाट छताखाली जीपीएस बरंच भरकटतं, म्हणून प्रत्येक बिंदूसोबत उपकरण दाखवतं ती अचूकताही लिहायला लावा. दिवसाचे बिंदू त्याच रात्री नकाशावर टाकून पाहा. चूक असेल तर दिसते, आणि मुलांच्या आठवणीत ती जागा अजून ताजी असते.

नोंदी पेन्सिलनेच, कारण पेनाची शाई पहिल्या सरीत पसरते. रोज रात्री प्रत्येक पानाचा फोटो.

अंगाला औषध, हाताला बेडूक

जळवांसाठी मुलं तंबाखूचं पाणी, मीठ, डास पळवणारं मलम असं काय काय फासतात. बेडकाची त्वचा ते सगळं शोषून घेते. उभयचरांच्या पाहणीला जाणाऱ्यांनी हाताला काहीच लावायचं नाही. जळवांसाठी घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे पुरतात. चिकटलेली जळू नखाने तोंडाशी सरकवून काढा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू ते गोठू न देणारं द्रव्य सोडते. दाबून धरलं की थांबतं. हे आधी सांगितलं नाही तर नवखी मुलं घाबरतात.

बूट हा दुसरा धोका. उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांवर आढळलेली आहे, आणि ती ओल्या चिखलातून एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाते. ब्लीचमध्ये बूट बुडवणं बहुतेक जण करतात, पण चिखलासकट. चिखल ब्लीच निकामी करतो. आधी ब्रशने बूट स्वच्छ घासा, मग 4 टक्क्यांच्या ब्लीचच्या एका भागात तीन भाग पाणी घालून त्यात किमान एक मिनिट ठेवा. द्रावण रोज ताजं करा आणि ओढ्यापासून लांब ओता. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, उथळ डबक्यात पाय टाकू देऊ नका. आंबोली टोड हा बेडूक पहिल्या पावसात तिथेच अंडी घालतो, आणि तो आंबोलीच्या आसपासच्या अगदी थोड्या भागातच सापडतो.

ओढा आणि साप

पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली, आवाज बदलला, की तिथे ऊन असलं तरी वर पाऊस झाला आहे. ताबडतोब काठ चढा. गुडघ्यावर पाणी असेल तर ओलांडायचं नाही. थांबायचं. डोंगरातला ओढा काही तासांत उतरतो, म्हणून जेवणाचा एक जादा डबा आणि कोरडे कपडे सोबत असावेत.

मलबारी चापडा हा विषारी साप ओढ्याकाठी हाताच्या उंचीवरच्या फांदीवर बसतो. तोल सावरायला फांदी धरण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा, काठी द्या. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आहे, चापड्यावर नाही. पण ‘चापडाच होता’ म्हणून तळावर थांबणं ही घातक चूक आहे, कारण सापाची ओळख चुकू शकते आणि कोकणात फुरसं भरपूर. अंगठी-घड्याळ काढा, हात-पाय हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरू नका, निघा. लस कोणत्या रुग्णालयात आहे हे आधी विचारून घ्या आणि तिथवर रात्री एकदा गाडीने जाऊन वेळ मोजून ठेवा.

बी वाळवणं

रोपवाटिकेत हमखास होणारी चूक. रानजायफळासारख्या सदाहरित झाडांचं बी धान्यासारखं उन्हात टाकलं की मरतं. गर काढा, धुवा, सावलीत ओलसर वाळूत ठेवा आणि आठवड्याच्या आत पेरा.

देवराईतलं बी तर गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना विचारल्याशिवाय उचलायचंच नाही. वाट दाखवणाऱ्या दादा-काकांना ठरलेली मजुरी त्याच दिवशी द्या आणि त्यांची नावं तक्त्यावर निरीक्षक म्हणून लिहा. झाड ओळखलेलं असतं त्यांनीच.

ताप

माकडताप सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात झालेला आहे. तो गोचिडीतून येतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे असतो, म्हणजे पाऊस नाही म्हणून सगळे निर्धास्त असतात तेव्हा. पाल्यावर बसायचं नाही. रोज संध्याकाळी काख, जांघ, गुडघ्यामागे आणि केसांच्या कडेला तपासायचं. गोचीड टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल नको, चटका नको. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. पावसाळ्यात लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) भय असतं, त्यावरच्या प्रतिबंधक गोळीबद्दल तुकडी येण्याआधी डॉक्टरांना विचारा.

निरोप देताना प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. कुठल्या रानात, कोणत्या तारखांना होता, गोचीड चावली का, ओढ्यात उतरला का. महिनाभरात ताप आला तर पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच ती दाखवायची.