राइड-ऑन मॉवरचा सडका डेक: डागडुजी आणि गंजरोधक रंग

बसून चालवायच्या गवत कापणाऱ्या मॉवरचं इंजिन ठणठणीत असतं, पण डेकची, म्हणजे ब्लेडवरच्या पत्र्याच्या टोपाची, चाळण झालेली असते. दोष ओल्या गवताचा. खालची बाजू सगळेच बघतात, पण खरा घात वरून, बेल्टच्या कव्हरखाली होतो. तिथे साचलेला भुसा पाणी धरून ठेवतो आणि स्पिंडलच्या (ब्लेड फिरवणाऱ्या दांड्याच्या) बुडाशी पत्रा सडतो.

अमेरिकेत हे काम हिवाळ्यात काढतात, पण रंग मात्र १० अंश सेल्सिअसच्या वर तापमान असेल तेव्हाच द्यावा. त्याखाली इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) नीट सुकत नाही. आपल्याकडे फार्महाऊसवर पावसाळा संपला की काम काढावं.

आधी किल्ली, स्पार्क प्लगची वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह काढा. डेक सर्वांत खाली घ्या, बेल्ट उतरवा, पिना काढून डेक बाजूने ओढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या मशीनखाली हात घालायचा नाही. ब्लेड आणि स्पिंडलही सोडवा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग तेल मारून ठेवलं तर डोकी तुटत नाहीत.

गवताचा थर पट्टीने खरवडा, मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावा. तारा सुटून उडतात, त्यामुळे गॉगल हवाच. आता हातोडीने ठोकत जा: खणखणीत वाजलं तर पत्रा शाबूत, बद्द वाजलं तर स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. आरपार गेला तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापा.

पॅचला २ ते २.५ मिमीचा साधा पत्रा घ्या. जस्ताचा असेल तर जोडाजवळचं जस्त घासून काढा, त्याचा धूर बाधतो. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा वाकतो आणि भोकं पडतात. २५-३० मिमी अंतरावर, आलटून-पालटून टाके मारा, मधे गार होऊ द्या. तडा गेला असेल तर त्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून मगच भरा, नाहीतर तो पुढे सरकतो. स्पिंडलच्या जागी पॅच बसवताना स्पिंडलचं जुनं रिकामं हाऊसिंग (बाहेरचं कवच) बोल्टने आवळून ठेवा. ती जागा जराशी तिरकी झाली तरी बेल्ट उतरतो आणि गवत पायऱ्या-पायऱ्यांनी कापलं जातं. स्पिंडलपाशी रिव्हेट किंवा लांबी (पुट्टी) चालत नाही. सुटलेला तुकडा ब्लेडवर आदळला तर गोळीसारखा बाहेर येतो.

रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं रसायन) फक्त घट्ट चिकटून राहिलेल्या गंजावर लावा. चकचकीत पत्र्यावर त्याचा उपयोग नाही. तो डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू द्या, मग दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर पॉलियुरेथेन किंवा चांगला इनॅमल. कडा आणि वेल्डिंगच्या रेषांवर आधी ब्रशने एक जादा हात द्या, तिथे रंग सर्वांत पातळ बसतो. गाडीखाली मारतात तो डांबरी लेप मात्र टाळावा. त्याला गवत चिकटतं, आणि टवका उडाला की लेपाखाली पाणी शिरून गंज गुपचूप पसरतो.

जोडताना ब्लेडचे वळलेले पंख डेकच्या दिशेला, म्हणजे वर. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. मशीन सपाट जमिनीवर, टायरची हवा सारखी. दोन्ही बाजूंना ब्लेडची उंची सारखी, पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी खाली.

पुढे दर तीन-चार कापण्यांनंतर डेक खरवडा आणि कव्हरखालचा भुसा ब्लोअरने उडवा. पाण्याने धुतलाच तर नंतर दोन मिनिटं ब्लेड फिरवून पाणी झटकून टाका. पाण्याचा झोत स्पिंडलच्या बेअरिंगवर थेट धरू नका.