किल्ली देण्याआधी करार नोंदवा

धुळ्यात देवपूरला आमचा वरचा मजला पुन्हा रिकामा झालाय. या वेळी व्यवहार धाकटा भाऊ बघणार. मागच्या खेपेला मी बघितला आणि फसलो, म्हणून त्याच्यासाठी हे लिहितोय.

रंग, नळ, कडीकोयंडे हे सांगायला नको. कूलरसाठी खिडकीजवळ प्लग आहे का ते बघ, एप्रिलमध्ये पहिला फोन त्याचाच येतो. पाणी कितव्या दिवशी येतं आणि टाकी किती लिटरची, हे घर दाखवतानाच खरं सांगून टाक.

आता मुख्य काम. करार नोंदवायचा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं गल्लीत सगळे सांगतात, ते महाराष्ट्रात चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55: करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला की भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. माझं तेच झालं. आई म्हणाली, "घरना माणूस शे" (घरचाच माणूस आहे), आणि मी नोटरीवर भागवलं. पुढे तो भाडेकरू भाडं आठ नाही, सहा हजारच ठरलं होतं म्हणू लागला. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

खर्चाचं कारण सांगू नकोस. आठ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने: एकूण भाडं 88,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. सव्वादोनशेच्या आसपास होतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1000, खेड्यात 500. एजंट घरी येऊन ऑनलाइन करून देतो, त्याचे पैसे वेगळे. दोघांचं आणि दोन साक्षीदारांचं आधार, बोटांचे ठसे, झालं. नोंदलेली प्रत हातात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. सामानाचा टेम्पो दारात उभा असला तरी नाही.

करारात मुदतीची तारीख स्पष्ट हवी. लिव्ह अँड लायसन्सची (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराची) मुदत संपून माणूस हलला नाही तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि राहील तितके दिवस ठरलेल्या रकमेच्या दुप्पट मागता येते. पण नोंदणी असेल तर हे सगळं सोपं. नसेल तर मुळापासून भांडत बसायचं.

रागात लाइट-पाणी तोडायचं नाही. मला तो मोह झाला होता. कायद्याने गुन्हा आहे, केस उलटी आपल्यावर येते.

दर महिन्याला भाड्याची पावती द्यायची, तो त्याचा हक्क आहे. नाही दिली तर त्यानेही मागून घ्यावी.

पोलिस ठाण्याला भाडेकरूची माहिती, ऑनलाइनही देता येते. मीटरचा फोटो, येताना आणि जाताना दोन्ही वेळा. वीजबिल कोण भरणार ते लेखी.

घर सोडताना: भिंती बघ, बिलं बघ, डिपॉझिट बँकेतून परत कर, किल्ल्या मोज. पुढचा भाडेकरू आला की करार नवा, आणि नोंदणीही नवी.