थंडीत फ्लॅट विकताय? बघायला दुपारी बोलवा
ऑफिस सुटल्यावर येतो म्हणणारेच जास्त, पण पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग चांगला हवेशीर फ्लॅटही कोंदट वाटतो.

१. शनिवार-रविवारी ११ ते ३ ची वेळ द्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत येतं, फक्त जाड पडदे काढा आणि काचा पुसून ठेवा, बस्स.

२. सकाळी तासभर खिडक्या उघड्या, रजया-गोधड्या गॅलरीत उन्हात. डांबरगोळ्यांचा वास जायलाच हवा.

पावसाळ्यातल्या ओलीवर नुसता रंग मारून झाकू नका हं, आधी लीकेज काढून घ्या आणि घेणाऱ्याला खरं ते सांगा, त्याच्या आयुष्याची कमाई असते.