शाळेच्या प्रदर्शनात खोल समुद्रातले बॅक्टेरिया कसे दाखवायचे

साताऱ्याकडं शाळांची विज्ञान प्रदर्शनं लागली की तोच ज्वालामुखी आणि तेच ठिबक सिंचन असतंय, त्यापेक्षा पोरांना यंदा हे करायला लावा, खर्च जवळपास नाहीच.

आधी दाबाचा अंदाज द्या. पाण्यात दर 10 मीटर खाली गेलं की हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो. कोयना धरणाची उंची 103 मीटर, म्हणजे भरल्या धरणाच्या तळाला जादा दाब फार तर 10 पट, आणि प्रशांत महासागरातली मारियाना गर्ता जवळपास 11 किलोमीटर खोल, तिथं 1,100 पट! मोरिटेला यायानोसाय हा तिथलाच बॅक्टेरिया, आणि दाब 500 पटीच्या खाली आला की हा गडी वाढतच नाही.

मग सिरिंज घ्या, सुई काढून. तोंडावर बोट दाबून धरा, आत हवा असली तर दट्ट्या आत जातो, पाणी असलं तर हलत नाही. या बॅक्टेरियांच्या आत हवा नसते, पाणीच असतं, आतला दाब बाहेरएवढाच, त्यामुळं चिरडायचा प्रश्न येत नाही. पोस्टरवर जाड कवच वगैरे अजिबात लिहू नका.

खरी अडचण पेशीच्या पटलाची. ते स्निग्ध रेणूंचं असतं, दाबानं ते रेणू दाटीवाटीनं बसतात आणि पटल घट्ट होतं, थंडीत होतं तसंच. 1,000 पट दाब म्हणजे पटलासाठी तापमान 13 ते 21 अंश उतरल्यासारखं, म्हणूनच आपण दाबाऐवजी फ्रिज वापरायचा (हे पोस्टरवर लिहा, नाहीतर परीक्षक धरतात). एका वाटीत साजूक तूप, दुसरीत करडईचं तेल, रात्रभर ठेवा. शेंगदाण्याचं नको, ते गारठ्यात दाट होतं. सकाळी तूप थिजलेलं, तेल मात्र वाहतंय, कारण तेलातल्या बहुतेक फॅटी ॲसिडच्या (स्निग्ध रेणूंमधल्या लांब साखळ्या) साखळ्या डबल बाँडमुळं, म्हणजे दोन कार्बन अणूंमधल्या दुहेरी जोडामुळं, वाकलेल्या असतात, चिकटून बसत नाहीत. खोल समुद्रातले बॅक्टेरिया अशाच वाकड्या साखळ्या पटलात वाढवतात.

कुणी विचारलंच की मग माशाच्या तेलातलं ओमेगा थ्री (एकाच साखळीत बरेच डबल बाँड) लागतं का, तर फोटोबॅक्टेरियम प्रोफंडम या खोल समुद्रातल्याच बॅक्टेरियाचं सांगा. 1999 च्या अभ्यासात त्याचं ओमेगा थ्री बनवणं बंद पाडलं तरी तो दाबात वाढला, पण एकाच डबल बाँडच्या साखळ्या कमी केल्यावर अडला. आणि प्रोटीनचं विचारलं तर, त्याच्या बाहेरच्या पटलात दाब वाढला की ओएमपीएच नावाचं प्रोटीन वाढतं, ओएमपीएल कमी होतं, ही अदलाबदल टॉक्सआर नावाचं प्रोटीन सांभाळतं. एवढं पोरांना पाठ असलं तरी बास.