सुपरहिरो शिबिर घेताय? मग या चुका टाळा (आणि डाव लपवून ठेवा)

मार्च संपत आला की फोन सुरू होतात. "ताई, यंदा आम्हीपण ते सुपरहिरोंचं शिबिर घेतोय. चार दिवस, चाळीस मुलं, शेजारच्या रानात खलनायक. काही टिप्स द्या ना." मी विचारते, खलनायकांचा डाव काय आहे? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "ते ऐनवेळी ठरवू. मास्क मात्र आणलेत."

मास्क आधी आणि डाव मागाहून. यांचं शिबिर कसं होणार ते मला तिथेच कळतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौथी ते आठवीची मुलं म्हणजे शिकाऊ सुपरहिरो. प्रत्येकाला एक शक्ती मिळते आणि ती तीन दिवस घोटून घ्यायची असते. त्याच वेळी हाकेच्या अंतरावर चार-पाच मोठे कार्यकर्ते खलनायक बनून कट शिजवत असतात. मुलांनी त्या कटाचा सुगावा लावायचा आणि तिसऱ्या रात्री तो उधळायचा. करोनाची दोन वर्षं सोडली तर २०११ पासून दर उन्हाळ्यात मी हे करतेय, त्यातली चार वर्षं स्वतः खलनायिका होते. दरवर्षी नवे कार्यकर्ते येतात आणि त्याच जुन्या चुका करतात.

गावाला न सांगता खलनायक रानात सोडणं

ही चूक सगळ्यात वर, कारण ती आम्ही स्वतः केली आहे.

आमचं सहावं वर्ष, २०१६ चा मे महिना. भोरच्या पुढे एका वाडीला लागून शिबिर होतं. खलनायक म्हणून कॉलेजातली चार पोरं. काळे टीशर्ट, तोंडाला तव्याची काजळी. अड्ड्यासाठी त्यांनी वाडीमागचं एक मोडकं खोपटं निवडलं, कारण "वातावरण भारी आहे ताई". तेव्हाच्या आमच्या गोष्टीत खलनायक एका मुलाला पळवून नेणार होते. त्याप्रमाणे रात्री साडेनऊला हे चौघे मोबाइलच्या उजेडात नकाशा पसरून, घोगऱ्या आवाजात बोलायला लागले. "उद्या पहाटे त्या चष्मेवाल्याला उचलायचा. ओरडला तर तोंड दाबायचं." हे चोरून ऐकायला आमचे शिकाऊ सुपरहिरो येणार होते, पण ते वाट चुकून पार ओढ्याकडे गेले. ऐकलं ते हरवलेली शेळी शोधत आलेल्या एका आजोबांनी.

पंधरा मिनिटांत खोपट्याभोवती वीस-बावीस माणसं. काठ्या, दोन कोयते, एकाच्या हातात पहार. कुणीतरी दरडावून विचारलं, "कोण रे तुम्ही?" तर आमच्यातला सगळ्यात जास्त भूमिकेत शिरलेला मुलगा म्हणाला, "काळोखसम्राट."

पहिली कानफटात तिथे बसली.

आरडाओरडा ऐकून मी धावले खरी, पण मला तरी कोण ओळखत होतं? टॉर्च हलवत पळत येणारी पुण्याची बाई. लोकांना वाटलं, टोळीत बाईपण आहे. वाचवलं ते आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी, कारण त्या त्याच वाडीतल्या. हातातलं पीठसुद्धा न धुता आल्या आणि म्हणाल्या, "आरं सोडा त्येला, आमच्या शिबिरातला हाय त्यो. दुपारी तीनदा आमटी मागून घेतली त्यानं." काळोखसम्राट रडत होता. त्याला चहा तिथल्याच लोकांनी पाजला.

पुढची दोन वर्षं आम्ही हा किस्सा रंगवून सांगायचो. मग १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना जिवे मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या चौघांनाही फोन केला. कुणी फार बोललं नाही. तो किस्सा रंगवून सांगणं त्यानंतर बंद झालं. इथे लिहिलाय तो तुम्ही गावात जाऊन यावं म्हणून.

आता माझी पद्धत अशी. शिबिराच्या दोन दिवस आधी, दिवसाउजेडी, सगळ्या खलनायकांना घेऊन मी पोलीस पाटलांच्या घरी जाते. तोंडं धुतलेली, मास्क पिशवीत. चहा होतो, मग देवळाच्या पारावर बसलेल्यांना भेटायचं, शेवटच्या घरापर्यंत जाऊन यायचं. खोपटं कुणाचं आहे ते विचारून त्या मालकाची परवानगी घ्यायची. "सरपंचांना व्हॉट्सअॅपवर पत्र टाकलंय" असं मला कुणी सांगितलं तर मी त्याला पुन्हा पाठवते. पत्राला चेहरा नसतो. शिवाय प्रत्येक खलनायकाच्या खिशात ओळखपत्र, आणि एक नियम: गावातल्या माणसाने काहीही विचारलं की त्या क्षणी भूमिका सोडायची आणि खरं नाव सांगायचं. वाडीतल्या मुलांनाही खेळात घ्या. रानातली प्रत्येक वाट त्यांना पाठ असते, दोन्ही बाजू त्यांची मनधरणी करत राहतात आणि खेळाला वेगळीच गंमत येते.

आणि मूल पळवण्याचा कट कायमचा बंद. आमचे खलनायक आता वस्तू चोरतात. पहिल्या वर्षी काय चोरायचं यावर बराच खल झाला, तेव्हा मावशीच म्हणाल्या, "माझा डाव न्या की." शहरातल्या निम्म्या मुलांना आधी डाव म्हणजे काय ते दाखवावं लागतं, मोठ्या पातेल्यातून आमटी वाढायचा तो लांब दांड्याचा. पण एकदा कळलं की अर्धा दिवस हसण्यात जातो. खलनायकांचा डाव काय? डाव चोरायचा! आणि खरं सांगते, काल्पनिक रत्न किंवा अणुबॉम्बची किल्ली यासाठी मुलं कधीच इतक्या जिवावर उदार होऊन लढली नाहीत, जितकी आमटीसाठी लढतात.

शक्ती खिरापतीसारख्या वाटणं

"तुम्हाला कोणती शक्ती हवी ते निवडा." हे वाक्य ज्या शिबिरात पहिल्या दिवशी उच्चारलं जातं तिथे दुसऱ्या दिवसापासून नुसती भांडणं. नऊ मुलं उडणार, सात अदृश्य होणार, तिघांच्या डोळ्यांतून किरण. मग "मी अदृश्य होतो, तू मला पकडूच शकत नाहीस" आणि "पण मला अदृश्य दिसतं" हे जे सुरू होतं, त्याचा निकाल सुप्रीम कोर्टही लावू शकणार नाही. नवे कार्यकर्ते म्हणतात, कल्पनाशक्तीला वाव देतोय. मला विचाराल तर तयारीचा कंटाळा आहे.

शक्ती अशी हवी की ती चार दिवसांत खरोखर वाढते आणि पंचाला डोळ्यांनी दिसते. वाळक्या सागाच्या पानांवरून आवाज न करता चालणं. डोळे बांधून वासावरून हिंग, ओवा, कढीपत्ता ओळखणं. ताटातल्या वीस वस्तू एक मिनिट बघून आठवणं. दहा मिनिटं दगडासारखं बसणं. पावलांच्या खुणांवरून किती जण गेले ते सांगणं. यात नवं काही नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल वीसेक मुलांना घेऊन इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर राहिले आणि त्यातूनच पुढे स्काउट चळवळ उभी राहिली. तिथेही निरीक्षण, माग काढणं आणि चाहूल न देता जवळ जाणं हेच घोटून घेतलं होतं. ज्याला अदृश्यच व्हायचंय त्याला मी बहिर्जी नाईकांचं नाव सांगते. गर्दीत सगळ्यांसमोर असूनही कुणाच्या लक्षात न येणं, हे जमव म्हणते. मुलं बरोबर समजतात.

रात्री दिसण्याची शक्ती हवी असेल तर तीही मिळते, फक्त अंधारात बसावं लागतं. डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मुलं बसतात हो. पंचविसाव्या मिनिटाला एखादा कार्यकर्ता "सगळे ठीक ना?" म्हणत मोबाइलचा टॉर्च थेट त्यांच्या तोंडावर मारतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि तो जमिनीकडे धरा. इतकं सांगूनही दरवर्षी कुणीतरी मारतोच.

प्रत्येक शक्तीला एक मर्यादाही द्या. आमच्याकडे शक्ती वापरली की शंभर आकडे मोजेपर्यंत खाली बसायचं. त्यामुळे मुलं आपोआप जोड्या लावतात, कुणी कधी बसायचं हे आपसात ठरवतात.

एका वर्षी सातवीतली एक मुलगी होती. तिला पळता यायचं नाही, अंधाराची भीती, "मला काहीच येत नाही" हे पालुपद. तिला वासाच्या गटात टाकलं, तर तिने पहिल्याच दिवशी धने आणि जिरेपूड मिसळलेल्या वाट्या वेगळ्या ओळखल्या. तिसऱ्या रात्री अख्खा गट करवंदीच्या जाळीजवळून पुढे निघून चालला होता. ही थांबली आणि माझ्या कानात म्हणाली, "ताई, इथे डासांचं क्रीम लावलेलं कुणीतरी बसलंय." बसलं होतंच. खलनायकांचा म्होरक्या, दीड तास दबा धरून. तेव्हापासून आमचे खलनायक निमूटपणे डास चावून घेतात.

पहिल्याच रात्री हल्ला

उतावळ्या कार्यकर्त्यांचा हा लाडका बेत. "शेकोटीलाच धाड घालू ना ताई, काय रील होईल!" अरे बाबा, त्या मुलांना अजून संडास कुठे आहे ते माहीत नाही. निम्म्यांना आई आठवतेय. अशा वेळी अंधारातून पाच काळी माणसं ओरडत आली तर घबराट तेवढी होते. आम्ही एकदाच केलं हे. चौथीतला एक मुलगा रात्रभर मावशींचा पदर धरून बसला आणि सकाळी त्याचे बाबा येऊन त्याला घेऊन गेले. बरोबरच केलं त्यांनी.

पहिल्या दिवशी खलनायक दिसायलाच नको. सकाळी विहिरीजवळच्या चिखलात एक मोठा, अनोळखी बुटाचा ठसा. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराला कोळशाची एक खूण. बास. रात्री मुलं झोपत नाहीत, कुजबुजतात, आणि ती कुजबुज तुम्ही आखलेल्या कुठल्याही धाडीपेक्षा सरस असते. दुसऱ्या दिवशी कट कानावर पडू द्या. आता इथे आणखी एक गोम. खलनायक मास्कच्या आतून पुटपुटतात आणि मुलांना ओ की ठो कळत नाही. कट हा संगीत नाटकातल्या स्वगतासारखा, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा बोलायचा. आणि तीन वेगवेगळ्या जागी तीनदा, कारण पहिल्यांदा मुलं हसतात, दुसऱ्यांदा एकमेकांना गप्प करतात, तिसऱ्यांदा ऐकतात.

बाकीचं, भराभर

गळ्याभोवती गाठ मारलेली ओढणी केप म्हणून चालणार नाही. करवंदीच्या काट्यात अडकली की फास बसतो. केप खांद्यावर वेल्क्रोने लावा, ओढली की सुटलीच पाहिजे.

रंगीत धूर, फटाके, मशाली नकोत. मे महिन्यातलं गवत म्हणजे सुकं सरपण, आणि वर झाडाला आग्या मोहोळ असेल तर धुराने माशा उठतात. मग हिरो कोण आणि खलनायक कोण, त्यांना काही फरक पडत नाही.

दगडाच्या राशीत चिठ्ठ्या लपवू नका. फुरसं तिथेच असतं. अड्ड्यात जमिनीवर झोपायचं "थ्रिल"ही नको. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा चावा अनेकदा झोपेत कळतसुद्धा नाही. सर्पदंशावरचं औषध (अँटिव्हेनम) कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे ते आधी जाऊन विचारून या. १०८ ला फोन लागेल अशी रेंज कुठे मिळते, तेही चालत जाऊन बघा.

सकाळी अकरा ते दुपारी चार प्रशिक्षण बंद. सावली, कोकम सरबत, गोष्टी.

तीन लांब शिट्ट्या म्हणजे खेळ संपला, सगळ्यांनी आहे तिथे उभं राहायचं. हे पहिल्या दिवशी पाच वेळा करून घ्या, जेवणाच्या आधी, म्हणजे लक्ष देतात.

जिंकायला निघालेले खलनायक

ही चूक विशेषतः इंजिनिअरिंगची पोरं करतात. महिनाभर आखणी, बनावट नकाशे, दुहेरी हेर, सांकेतिक लिपी. मुलं तिसऱ्या रात्री हताश होऊन बसतात आणि हे एकमेकांना टाळ्या देतात. वीस वर्षांच्या माणसाने दहा वर्षांच्या मुलाला हरवलं, मोठीच कर्तबगारी!

पण खलनायक उघड उघड हरले तर मुलांना तेही लगेच कळतं आणि त्यांचा विरस होतो. म्हणून माझा हिशेब साधा आहे. कटात तीन भोकं मुद्दाम ठेवायची: एक धीट मुलांना सापडेल असं, एक शांत मुलांना आणि एक वाडीतल्या मुलांना. तीनही गट एकमेकांशी बोलले तरच चित्र पूर्ण होतं. नाही बोलले तर डाव खरोखर चोरीला जातो आणि त्या रात्री आमटी पेल्याने वाढली जाते. असं दोनदा झालंय. दोन्ही वेळा मुलांनी चौथ्या दिवशी पहाटे, आम्ही कुणीही न सांगता, अड्डा शोधून डाव परत आणला.

यंदाचं सामान परवा बांधलं. मावशींनी दोन डाव आणलेत. एक चोरायला, एक वाढायला.