‘कुठलाही चालेल’ म्हणणाऱ्या माणसासोबत हॉलचा रंग ठरवताना

दिवाळीच्या आधी रंग काढायचा हे घरात जून-जुलैतच ठरतं. कुठला काढायचा, हे मात्र रंगारी ब्रश घेऊन दारात उभा राहिला तरी ठरलेलं नसतं. ही तयारी अशा घरासाठी लिहितेय, जिथे दोघांपैकी एकाने ‘तू ठरव, मला कुठलाही चालेल’ म्हणून अंग काढून घेतलंय. आमच्याकडे तो नवरा आहे, तुमच्याकडे बायको असेल. मागच्या खेपेला आमचं बाकी सगळं झालं होतं, फक्त निवडलेला रंग रात्री, घरातले दिवे लावून, दोघांनी एकत्र बघायचा राहिला. हॉल परत रंगवावा लागला. ही गोष्ट पुढे वारंवार येईल. कंटाळा आला तरी वाचा.

सुरुवात भिंतीपासून. ओल असेल तर शेडकार्ड, म्हणजे कंपनीचं रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक, उघडूच नका. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि एक दिवस, एक रात्र तसाच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर भिंत अजून सुकलेली नाही. बाहेरच्या भिंतीची भेग, वरच्यांच्या बाथरूमची गळती, खिडकीच्या चौकटीची फट, जे असेल ते आधी बुजवा. ‘वरून लांबी (पुट्टी) मारून झाकून टाकतो, काही दिसणार नाही’ असं सांगणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पोपडे धरतात आणि तोवर तो रंगारी फोन उचलत नाही. घर नवीन असेल, ताजं प्लॅस्टर असेल, तर किमान महिनाभर थांबा.

छत पांढरं. त्यावर चर्चा नको.

मग जे बदलणार नाही ते बघा. फरशी, सोफा, टीव्हीच्या युनिटचं लॅमिनेट, दारांचा रंग. बिल्डरने दिलेल्या फ्लॅटमध्ये बहुधा हस्तिदंती व्हिट्रिफाइड टाइल असते आणि तिच्यात पिवळसर झाक असते. तिच्याशेजारी निळसर राखाडी भिंत आली की चांगली पुसलेली फरशी मळकट वाटायला लागते. माळ्यावर उरलेली एखादी टाइल असेल तर काढा, सोफ्याच्या उशीचा अभ्रा काढा, आणि दुकानात जाताना दोन्ही पिशवीत घाला. टाइल जड असते, तरी न्या. खिडकीची दिशाही बघून ठेवा. पश्चिमेची असेल तर दुपारी चारनंतर अबोली, पीच, फिका केशरी हे रंग अक्षरशः पेटतात. उत्तरेकडून येणारा उजेड निळसर असतो, त्यात करडे रंग थंड पडतात. समोर झाड असेल तर पानांवरून आलेला उजेड भिंतीवर हिरवट पडतो. हे सगळं दिवसाचं झालं. आपण दिवसाचंच बघतो आणि तिथेच फसतो.

आता दिवे. रंगाचा पहिला पैसा खर्च करायच्या आधी हॉलमध्ये कोणते दिवे राहणार हे पक्कं करा. बल्बच्या खोक्यावर किंवा ट्यूबच्या टोकाशी आकडा छापलेला असतो. ६५०० केल्विन म्हणजे आपली नेहमीची पांढरीशुभ्र, किंचित निळसर ट्यूब. ३००० म्हणजे पिवळा, उबदार उजेड. ४००० त्यांच्या मधला. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळ्याकडे झुकलेला. भिंत स्वतः काही उजळत नाही, तिच्यावर जो उजेड पडतो त्यातलाच काही भाग ती परत पाठवते. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भाग जास्त आणि लाल कमी असतो, त्यामुळे रंगात लपलेली हिरवी-निळी झाक पुढे येते आणि लालसर ऊब मागे जाते. दुकानात एकसारख्या दिसलेल्या दोन शेड घरी वेगळ्या पडू शकतात, त्याचंही कारण हेच. आमच्या हॉलला पिस्त्याची जरा झाक असलेला फिका करडा दिला होता. दिवसा तो इतका शांत दिसायचा की येणारे जाणारे शेडचं नाव विचारायचे. काम संपलं त्या संध्याकाळी नवरा दारात बूट काढता काढता थांबला आणि म्हणाला, ‘हे हिरवं कधी ठरलं?’ वर ६५००ची ट्यूब चालू होती. तो बरोबर बोलत होता. भिंत खरोखर हिरवी होती.

म्हणून रात्री बघा. दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो. दुपारी बाराला खिडकीशी शेडकार्ड धरून घेतलेलाही नसतो. फॉल्स सीलिंगमध्ये पिवळी पट्टी आणि भिंतीवर पांढरी ट्यूब असं मिश्र प्रकरण असेल तर दोन्ही वेगवेगळे लावून बघा, मग एकत्र लावून बघा.

आता तो माणूस. ‘कुठलाही चालेल’ म्हणणाऱ्याला मत नसतं, असं समजू नका. त्याला बोटभर चौकोनावरून अख्खी भिंत डोळ्यांपुढे आणता येत नाही, आणि तसं सांगायचा संकोच वाटतो, इतकंच असतं पुष्कळदा. शिवाय साधा हिशेब बघा. नोकरी करणारा माणूस सकाळी आठला बाहेर पडतो आणि रात्री आठला परत येतो. तो वर्षभर हॉल बघतो तो ट्यूबखाली. तुम्ही दिवसाच्या उजेडात रंग निवडता आणि तो रात्रीच्या उजेडात त्या रंगासोबत राहतो. एकाच खोलीत दोघांचे दोन हॉल असतात. त्याची संमती त्याच्या हॉलमध्ये घ्या. शेडकार्डावर मिळालेलं ‘चालेल’ मोजू नका. फोनवर मिळालेलं मोजू नका. जेवताना मान न उचलता मिळालेलं तर अजिबात मोजू नका.

त्याला विचारायचं कसं, हे आधी ठरवून ठेवा. ‘कुठला आवडतो?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. ‘कुठला नको?’ याला लगेच येतं. आमच्याकडे दोन मिनिटांत कळलं की गुलाबी नको, झेंडूसारखा पिवळा नको, आणि एक भिंत गडद करायची फॅशन तर मुळीच नको. अर्ध्याहून जास्त शेडकार्ड तिथेच बाद झालं. राहिलेल्यांतून तीन काढा. तीनच. पाच ठेवलेत की तो परत ‘तू ठरव’वर जातो. आणि पैशाचं आधीच बोलून घ्या. गप्प राहण्यामागे कधी कधी खर्चाची धास्ती असते, आणि आपण समजतो की त्याला घराचं काही पडलेलं नाही.

शेडचे फोटो त्याच्या ऑफिसात व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. फोनचा कॅमेरा उजेडाचा रंग आपल्या मनाने दुरुस्त करतो आणि समोरच्याची स्क्रीन त्यात आणखी भर घालते. त्या फोटोला आलेला अंगठा काही कामाचा नाही.

आणखी एक, हे मनापासून सांगते. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणं पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांकडे ते एकच असतं. कित्येकांना स्वतःलाही हे माहीत नसतं. ‘हे दोन्ही सारखेच तर आहेत’ असं तो म्हणत असेल, तर त्याला खरंच ते सारखे दिसत असतील. वाद घालू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे इशिहाराच्या ठिपक्यांची चाचणी असते, ती काही मिनिटांत होते. तोवर त्याला फिकं हवं की गडद, चमक हवी की नको, एवढंच विचारा. तिथे त्याचं मत तुमच्याइतकंच पक्कं असेल.

आता पाट्या, म्हणजे रंग लावून बघायचे नमुन्याचे पुठ्ठे. हे काम टाळू नका, सगळ्या तयारीचा जीव यात आहे. तीन शेडच्या छोट्या सॅम्पल डब्या आणा, काही कंपन्यांच्या २०० मिलीच्या मिळतात. स्टेशनरीच्या दुकानातून जाड कार्डशीट आणा, दोन फूट बाय दोन फूट तरी हवी. आधी पांढरा प्रायमर मारा, मग रंगाचे दोन हात, आणि पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत रंगाबद्दल काहीही बोलू नका, कारण प्लॅस्टिक पेंट ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. थेट भिंतीवर ठिगळं मारू नका. जुना रंग खालून आणि बाजूने डोळ्यांना फसवतो, आणि त्या ठिगळांच्या कडा घासून काढल्या नाहीत तर नव्या रंगातूनही उठून दिसतात. पाटी हलवता येते, हा खरा फायदा. सोफ्यामागे, खिडकीशेजारी, पॅसेजच्या काळोख्या कोपऱ्यात, टीव्हीजवळ, सगळीकडे फिरवा. चार भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, त्यामुळे पाटीवर जेवढा दिसतो त्यापेक्षा अख्ख्या खोलीत रंग जास्त चढतो. दोन शेडमध्ये अडलात तर फिकी घ्या.

आणि रात्री. पडदे ओढा, हॉलचे रोजचेच दिवे लावा, जेवणं झाली की त्याला त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवा आणि समोरच्या भिंतीला पाट्या एकेक करून टेकवा. टीव्ही बंद. मॅच असेल तर दुसरा दिवस. तुम्ही बोलू नका, त्याला पाच मिनिटं बघू दे. आमच्याकडे दुसऱ्या वेळी बदामी, मोतिया आणि एक गव्हाळ अशा पाट्या होत्या. मला दिवसा मोतिया आवडला होता. रात्री ट्यूबखाली तो उतरून गेला, चुन्यासारखा कोरडा. गव्हाळ मात्र रात्रीही गव्हाळच राहिला. नवरा पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हा घरासारखा दिसतोय.’ इतकी वर्षं ज्या माणसाला मत नाही म्हणून मी सोडून दिलं होतं, त्याने एका वाक्यात सांगितलं. त्याच वेळी पाटीच्या मागे शेडचा नंबर आणि तारीख लिहून दोघांनी सह्या केल्या. तुम्हीही करा. दुसऱ्या रात्री परत एकदा बघा. हो, परत. एका रात्रीचा थकवाही रंग बदलून दाखवतो.

सासूबाईंना, आईला, शेजाऱ्यांना विचारायचं असेल तर या रात्रीच्या आधी विचारा. नंतर नाही.

फिनिश, म्हणजे वाळलेल्या रंगाची चमक. चमक जितकी जास्त तितके भिंतीचे उंचवटे दिसतात. लहान मुलं असतील तर धुता येणारा घ्या. पाटी मॅटची, म्हणजे बिनचमकीची, आणि भिंत चमकदार असं करू नका, तोच नंबर असून वेगळा दिसतो.

जुन्या घरातली दारं-खिडक्या ऑइलपेंटच्या असतील तर कोरडं घासकाम चालू असताना मुलांना आणि गरोदर बाईला घरात ठेवू नका. रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावं हा आपल्याकडचा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आणि त्याआधीच्या थरांत किती आहे हे बघून सांगता येत नाही. ओलं करून घासायला सांगा, चुरा ओल्या फडक्याने उचला.

रंग घेताना सगळा एकदम घ्या. मशीनवर बनवून दिलेला रंग दुकानदार परत घेत नाही, आणि मागून आणलेला डबा पहिल्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. एकापेक्षा जास्त डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच भिंतीला लावायचे. डबा उघडला की पाटीशी ताडून बघा. एका भिंतीवर हातभर लावून वाळू द्या आणि बाकीचं काम थांबवून त्या रात्री दिवा लावून बघा. रंगारी कुरकुर करेल, दिवस फुकट गेला म्हणेल. करू दे. अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी द्या.

बाकीचं भरभर. खिळे काढून भोकं लांबीने बुजवणं, स्विचबोर्डाला टेप, पंख्याला आणि एसीला जुनी चादर, सोफा मधोमध आणून प्लॅस्टिक, फरशीवर पुठ्ठे. रद्दी घालू नका, ती भिजून फरशीला चिकटते. पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटचा हप्ता फरशीवरचे थेंब साफ झाल्यावर.

उरलेला रंग लहान घट्ट डब्यात भरा आणि डब्यावर कंपनी, शेडचा नंबर, फिनिश, तारीख लिहा. तोच मजकूर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवा, डब्यावरचा पुसला जातो.